प्रश्न विचारल्यानंतरचे तीन सेकंद

"एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?" फळ्यावर दोन्ही अपूर्णांक लिहून बाईंनी विचारलं. एक मुलगी लगेच म्हणाली, "एक चतुर्थांश. चार तीनपेक्षा मोठे ना!"

"चूक" म्हणून पुढच्या मुलाकडे वळणं सोपं होतं. बाई वळल्या नाहीत. त्यांनी तिला सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या दिल्या. एकीचे घड्या घालून तीन सारखे भाग कर, दुसरीचे चार, एवढंच सांगितलं आणि गप्प राहिल्या. मुलीने घड्या घातल्या, दोन्हींचा एकेक भाग शेजारी धरला, पुन्हा धरून पाहिला. "भाग जास्त केले की तुकडा लहान होतो," ती स्वतःशीच पुटपुटली. मी मागच्या बाकावर बसून हे पाहत होतो. त्या पट्ट्या पाठ टाचणात नव्हत्या. त्या मुलीच्या चुकीतून त्या क्षणी सुचल्या होत्या.

बाईंचं ते गप्प राहणंसुद्धा शास्त्रज्ञांनी मोजलं आहे. अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली आणि १९७४ मध्ये निष्कर्ष मांडले. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत. मुलाचं बोलणं संपलं की तेवढ्याच घाईने स्वतः बोलू लागत. हा थांबा तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तेव्हा उत्तरं लांबली, उत्तरच न येण्याचं प्रमाण घटलं आणि मुलं आपणहून प्रश्न विचारू लागली. त्यातली एक नोंद मला फार लागते. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक जास्त वेळ थांबत. म्हणजे ज्याला विचाराला वेळ हवा, त्याच्याच वाट्याला तो कमी येत होता.

शिकवणं फक्त माणसालाच येतं असं मात्र नाही. दक्षिण आफ्रिकेच्या कालाहारी भागातला मीरकॅट हा मुंगसाच्या कुळातला प्राणी पिल्लांना विंचू हाताळायला शिकवतो. अगदी लहान पिल्लापुढे मेलेला विंचू, थोड्या मोठ्यापुढे नांगी काढलेला आणि आणखी मोठ्यापुढे धडधाकट! अ‍ॅलेक्स थॉर्नटन आणि कॅथरिन मॅकऑलिफ या संशोधकांनी २००६ मध्ये हे दाखवून दिलं. त्यांनी लहान पिल्लांच्या कळपात मोठ्या पिल्लांचे आवाज ऐकवले, तर मोठे मीरकॅट जिवंत विंचू जास्त आणू लागले. आवाजावरून वय ओळखायचं आणि त्याप्रमाणे विंचू द्यायचा, इतका तो हिशेब ठरलेला आहे. एकाच वयाच्या दोन मुलांच्या दोन वेगळ्या चुका ऐकून दोन वेगळ्या वाटा काढणं, ही कला माणसाची.

ती कशी चालते हे डेव्हिड वूड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये जवळून पाहिलं. तीन, चार आणि पाच वर्षांच्या ३० मुलांना लाकडाचे २१ ठोकळे जुळवून पिरॅमिड रचायचा होता, सोबतीला एक शिकवणारी. तीन वर्षांच्या मुलाला आधी खेळाची गोडी लावावी लागे. त्याला सांगण्यापेक्षा करून दाखवणं उपयोगी पडे. चार वर्षांच्याला शब्दांनी चूक दाखवली तरी भागायचं. पाच वर्षांचं मूल बहुतेक काम स्वतः करी, फक्त "बरोबर आहे ना?" म्हणून तिच्याकडे बघे. या मदतीला त्यांनी परांचीची उपमा दिली. भिंत उभी राहीपर्यंत परांची हवी, पण भिंत किती उभी राहिली हे रोज नव्याने बघावं लागतं. कुठला बांबू आज काढायचा, हे मुलाच्या डोळ्यांत पाहूनच कळतं.

दुसऱ्या तुकडीत बाईंनी तोच प्रश्न विचारला. एक मुलगा म्हणाला, "एक तृतीयांश." उत्तर बरोबर होतं. बाईंनी "कशावरून?" विचारलं आणि त्या थांबल्या. बराच वेळ गेला.

"तुम्ही तो आधी लिहिलाय म्हणून."

बाईंनी फळा पुसला, दोन्ही अपूर्णांकांच्या जागा बदलल्या आणि पट्ट्यांसाठी खण उघडला.