अपघाताच्या क्लेममध्ये वकील नेमकं काय करते?

रामराम. हा कागद आपल्या ऑफिसात येणाऱ्या पक्षकारांसाठी आहे, चौकात वाटायची जाहिरात नाही, वकिलाला जाहिरात करायची बार कौन्सिलची बंदीच आहे. पण रोज तेच ते सांगून घसा बसते म्हणून लिहून काढलं.

आधी हे समजून घ्या की केसेस दोन राहतात. पोलीस ड्रायव्हरवर गुन्हा नोंदवतात ती केस सरकार लढते, ड्रायव्हरला शिक्षा होईल नाहीतर तो सुटेल, तुमच्या घरात त्यातून भरपाई येत नाही. भरपाईसाठी जिल्हा कोर्टाच्या मोटार अपघात ट्रिब्युनलमध्ये वेगळा अर्ज टाकावा लागते. अपघात पार तेलंगणात हैदराबाद रोडवर झाला असला तरी तुम्ही राहता तिथल्या ट्रिब्युनलमध्ये टाकता येते, यवतमाळवाल्याला तिकडे चकरा मारायची गरज नाही. मुदत मात्र १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची झाली आहे, म्हणून तेरवी झाली की या, वर्षश्राद्धाची वाट पाहत बसू नका.

आता वकिलाचं काम. लोकांना वाटते वकील म्हणजे कोर्टात भांडणारा, पण क्लेममध्ये भांडण कमी आणि कागद जास्त. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, दवाखान्यातले एमएलसीचे (पोलीस केस म्हणून केलेल्या तपासणीचे) कागद, मयत असेल तर पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट, समोरच्या गाडीचं आरसी, पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन्स, हे सगळं ठाण्यातून काढायचं आणि एकमेकांशी जुळते का ते पाहायचं. एका कागदावर गाडीचा नंबर चुकला की इन्शुरन्सचा वकील तेवढंच धरून बसते.

एक हिशोब दाखवतो. समजा ३४ वर्षांचा कास्तकार, रात्री मोटरसायकलनं गावाकडे येताना रोडवर उभ्या कापसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला आणि गेला. घरी बायको, दोन लेकरं, म्हातारी माय. महिन्याची कमाई १२,००० धरली, भविष्यात वाढली असती म्हणून चाळिशीच्या आतल्या स्वतःचा धंदा असणाऱ्याला ४० टक्के वर, झाले १६,८००. चार जण अवलंबून म्हणून त्याचा स्वतःचा खर्च पाव हिस्सा वजा, राहिले १२,६००, वर्षाचे १,५१,२००, आणि त्या वयाला गुणक (वर्षाची कमाई कितीपट धरायची तो आकडा) १६, म्हणजे २४,१९,२०० रुपये, शिवाय अंत्यविधी वगैरेचे थोडे वेगळे. हा हिशोब सुप्रीम कोर्टानं २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिला आहे, वकिलाच्या मनचा नाही. आता इन्शुरन्स कंपनी म्हणते मागून आदळला म्हणजे त्याचीच चूक, आणि कोर्टानं २५ टक्के जरी चूक त्याच्यावर टाकली तरी ६,०४,८०० गेले. "ट्रॉलीला मागून रिफ्लेक्टर नव्हते, लाइट नव्हता" ही पंचनाम्यातली एक ओळ इतक्या किमतीची राहते! म्हणून ट्रॉली हलवायच्या आधी गावातल्या पोरांनी मोबाइलवर फोटो काढून ठेवले तर लय काम होते.

कमाईचा पुरावा म्हणून नुसता सातबारा आणू नका, कापूस-सोयाबीन विकल्याच्या पट्ट्या, डेअरीच्या दुधाच्या पावत्या, पासबुक, जे असेल ते आणा.

जखमीच्या केसमध्ये पेच वेगळा. सर्टिफिकेटवर २० टक्के अपंगत्व लिहिलं तरी कमाई २०च टक्के बुडाली असं काही नाही. कापूस वेचणाऱ्या बाईच्या उजव्या हाताची बोटं वळत नसली तर ती वेचणार कशी, हे कोर्टाला समजावून सांगायचं, आणि डॉक्टरला साक्षीला आणायचं. खरं सांगतो जी, या कामातला सगळ्यात डोकेदुखीचा भाग तोच, डॉक्टरची तारीख आणि कोर्टाची तारीख जुळता जुळत नाही.

ट्रॉलीत बसून लग्नाला जाणाऱ्यांचा अपघात झाला तर कंपनी हात वर करते, कारण पॉलिसी शेतीकामाची, माणसं वाहायची नाही. अशी केस पडतेच असं नाही पण जड जाते, ते आम्ही पहिल्या दिवशीच सांगतो.

गाडी उडवून पळाली आणि नंबरच भेटला नाही तर ट्रिब्युनल नाही, एसडीओ (उपविभागीय अधिकारी) किंवा तहसीलदाराकडे अर्ज, मृत्यूला २ लाख, गंभीर जखमेला ५०,०००. आणि जिनिंगमध्ये कामावर असताना हात गेला तर ते लेबर कोर्टाचं काम. साप चावून किंवा वावरात शॉक लागून शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून २ लाख, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत, त्याला वकीलही लागत नाही, उगाच आम्हाला फी देऊ नका.

फीचं बोलायचं तर दवाखान्याच्या खाटेपाशी येऊन "क्लेम काढून देतो, तीस टक्के आमचे" म्हणणाऱ्या एजंटाला कोऱ्या कागदावर सही बिलकुल देऊ नका. वकिलाला निकालाच्या रकमेवर टक्केवारी ठरवताच येत नाही. बायांना, एससी-एसटीच्या लोकांना उत्पन्न न पाहता तालुका विधी सेवा समितीकडून फुकट वकील भेटते, तिकडे गेलात तरी आम्हाला राग नाही.

लोकअदालतीत कंपनी रक्कम सांगते तेव्हा घरच्यांशी बोलूनच हो म्हणा, तिथं झालेल्या तडजोडीवर अपील नाही. ट्रिब्युनलनं निकाल दिला असेल तर मात्र अपील हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात, ९० दिवसांत. पैसा खात्यातच येते, लेकरांचा हिस्सा बहुतेक वेळा १८ वर्षांपर्यंत एफडीत राहते, तेव्हा "वकिलानं अडकवला" असं म्हणू नका.

बाजाराच्या दिवशी गर्दी राहते, दुसऱ्या दिवशी या. ओरिजिनल कागद घरीच ठेवा, दोन-दोन झेरॉक्स आणा, आणि दवाखान्याची औषधांची बिलं पाण्यानं पुसायच्या आधी मोबाइलमध्ये फोटो काढून घ्या.