साहेबांचा मूड कसा आहे?

माझ्या पहिल्या नोकरीत साहेबांच्या केबिनबाहेर एक लाकडी स्टूल होतं आणि त्यावर मामा बसायचे. हुद्दा शिपायाचा, पण सकाळी साडेदहाच्या सुमारास त्या मजल्यावर त्यांच्याइतकं महत्त्वाचं माणूस दुसरं नसे. फाइल घेऊन येणारा प्रत्येक जण आधी स्टुलापाशी थांबायचा आणि हळूच विचारायचा, "मामा, मूड कसा आहे?" मामा सुपारी या गालातून त्या गालात नेत आणि निकाल देत. "आज नको." किंवा, "जा, पण सही घ्या आन् लगेच भाईर या."

साहेब ओरडायचे, पण ओरडण्याचं आम्हाला फारसं काही वाटत नव्हतं. ते अंगवळणी पडतं. त्रास दुसराच होता. सोमवारी ज्या मसुद्याला "छान झालाय" म्हणाले, तोच मसुदा गुरुवारी सगळ्यांदेखत टेबलावर आपटायचे. रजेचा अर्ज कधी न वाचता सही होऊन यायचा, कधी आठवडाभर ट्रेमध्ये पडून राहायचा. एकाच चुकीला एकदा हसू, एकदा मेमो. त्यामुळे आम्ही हवामान खात्याला विचारावं तसं मामांना विचारत होतो, आणि आपण किती भित्रे आहोत याची आपसात थट्टाही करत होतो. पुढे बऱ्याच वर्षांनी ताणाच्या शरीरशास्त्राबद्दल वाचताना उंदरांवरचा एक जुना प्रयोग समोर आला आणि लक्षात आलं, की त्यात भित्रेपणा काही नव्हता. आम्ही अगदी शहाण्यासारखं वागत होतो.

प्रयोग शास्त्रज्ञ जे वाइस यांचा, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातला, १९७०च्या आसपासचा. दोन उंदीर, दोघांच्या शेपटीला तारा लावलेल्या. जोडणी अशी, की विजेचा झटका बसला तर दोघांना एकाच क्षणी आणि तितकाच बसणार. पहिल्या उंदराला झटक्याआधी एक आवाज ऐकू येई. दुसऱ्यालाही आवाज ऐकू येई, पण वेळीअवेळी, झटक्याशी त्याचा काही संबंध नाही. वेदना दोघांना सारखीच. नंतर जठर तपासलं तेव्हा दुसऱ्या उंदराला पहिल्यापेक्षा खूप जास्त व्रण, म्हणजे अल्सर, झालेले होते.

कारण पहिल्याला एक गोष्ट कळलेली असते: आवाज आला की संकट. आणि त्याहून मोलाचं म्हणजे, आवाज नाही तोवर संकट नाही. मधला वेळ त्याचा स्वतःचा असतो. दुसऱ्याला असा एकही क्षण मिळत नाही. आमचे मामा म्हणजे तो आवाज होते. त्यांनी "आज नको" म्हटलं की सावध राहायचं, आणि बाकीच्या दिवशी निवांत जेवायचं.

(इथे कुणी तरी म्हणेलच, की अल्सर तर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूने होतो आणि ते शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५चं नोबेलही मिळालं. बरोबर आहे. माणसाच्या अल्सरचं खापर साहेबावर फोडता येणार नाही. उंदराच्या जठरातले हे व्रण म्हणजे ताण मोजायची त्या काळातली पट्टी, एवढंच समजायचं.)

वाइस यांनी आणखी एक प्रयोग केला. या वेळी एका उंदरापुढे छोटं चाक ठेवलं. ते फिरवलं की झटका टळे, आणि तो दोघांचाही टळे. दुसऱ्यापुढेही तसंच चाक, पण ते नुसतंच फिरायचं. पुन्हा तेच दिसलं: झटके दोघांना सारखेच बसले, पण ज्याच्या हातात चाक होतं त्याचं जठर बरंच शाबूत राहिलं. काम करणं तितकंसं वाईट नसतं. केलेल्या कामाचा परिणामाशी काही संबंधच न उरणं वाईट.

गंमत म्हणजे याआधी विज्ञानाने नेमकं उलटं सांगितलं होतं. १९५८ साली अमेरिकेत जोसेफ ब्रेडी यांनी माकडांच्या जोड्या घेतल्या होत्या. त्यांतलं एक माकड 'साहेब': सतत कळ दाबून दोघांचे झटके टाळायची जबाबदारी त्याची. साहेब-माकडांना अल्सर झाले आणि मरण आलं, जोडीदार ठणठणीत राहिले. जबाबदारीच्या ओझ्याने मोठी माणसं खचतात, हा समज त्यातून पक्का झाला. साहेब लोकांना तो आवडलाही असणार. मग लक्षात आलं, की कोणत्या माकडाला साहेब करायचं हे चिठ्ठी टाकून ठरवलेलंच नव्हतं. जी माकडं सुरुवातीपासून भराभर कळ दाबत होती, तीच निवडली गेली होती. म्हणजे मुळातच जास्त घाबरट. निवड समितीची चूक. अशी चूक फक्त माकडांच्या बाबतीत होते असं नाही.

माणसाकडे येऊ. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली ताण निर्माण करायची एक पद्धत बसवली गेली, ती आजही जगभर वापरतात. तुम्हाला अनोळखी परीक्षकांपुढे उभं करतात. त्यांचा चेहरा दगडासारखा. हसायचं नाही, मान हलवायची नाही, हे त्यांना आधीच बजावलेलं. पाच मिनिटं स्वतःच्या लायकीबद्दल बोलायचं. मग १०२२मधून १३ वजा करत जायचं, तोंडी: १००९, ९९६, ९८३... चुकलात की परीक्षक थंडपणे सांगतो, "१०२२पासून पुन्हा." आढावा बैठक ज्यांनी भोगली आहे त्यांना हे नवीन नाही.

अशा २०८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ साली प्रसिद्ध केला. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक कधी सर्वांत जास्त वाढतं? काम अवघड असलं की नव्हे. चार लोक आपली लायकी ठरवत आहेत आणि आपण काहीही केलं तरी फरक पडणार नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ते सर्वांत जास्त चढतं आणि उतरायलाही सर्वांत जास्त वेळ घेतं. चारचौघांत पाणउतारा करणारा लहरी साहेब या दोन्ही गोष्टी एका दमात पुरवतो.

इथे एक बारकावा आहे. केबिनमध्ये बोलणी खाताना छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, ते ॲड्रेनलिनचं काम; सेकंदांत होणारं. कॉर्टिसॉलची वाट लांबची आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला कळवतो, ती रक्तातून मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना निरोप धाडते, मग कॉर्टिसॉल सुटतं. रक्तात त्याची पातळी शिगेला पोचते ती साधारण वीस ते तीस मिनिटांनी. म्हणजे तुम्ही जागेवर येऊन बसलात, शेजारच्याने "सोड ना यार" म्हणून चहा मागवला, चहा संपला, तेव्हा ती लाट पूर्ण चढलेली असते. त्यामुळे त्या अर्ध्या तासात साहेबाला तडकाफडकी उत्तराचा मेल लिहू नये. हा सल्ला फार जुना आहे. त्यामागे ग्रंथी आहेत, इतकंच.

हे सगळं प्रयोगशाळेतलं. खऱ्या कामावर? इंग्लंडमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास मला फार आवडतो. त्यात २८ आरोग्यसेविका. त्यांतल्या काहींना आलटून पालटून दोन वेगवेगळ्या वरिष्ठांच्या हाताखाली काम करावं लागे, आज ही, उद्या ती. दंडाला रक्तदाबाचं यंत्र बांधलेलं, दर अर्ध्या तासाला आपोआप मोजणारं. ज्या १३ जणींना दोन वरिष्ठांपैकी एक चांगली आणि एक नकोशी वाटत होती, त्यांचा वरचा रक्तदाब नकोशीच्या पाळीत सरासरी १५ अंकांनी जास्त निघाला, खालचा ७ अंकांनी. ज्यांना असा फरक वाटत नव्हता त्यांच्यात तफावत जेमतेम ३ अंकांची. बाई तीच, काम तेच. बदलली ती फक्त वरिष्ठ. १३ हा आकडा लहान आहे, त्यावर मोठी इमारत उभी करू नये. पण एकाच शरीरात दोन साहेबांची तुलना इतकी स्वच्छ सहसा पाहायला मिळत नाही.

लहरीपणाचं काय? २०१७ साली फॅडेल मट्टा, ब्रेंट स्कॉट आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना शेअरच्या किमतींचा अंदाज बांधायला बसवलं. त्यांच्या कामावर 'वरिष्ठ' शेरे पाठवी. काहींना सतत सौजन्याचे शेरे, काहींना सतत तुसडे, आणि काहींना कधी असे कधी तसे. हृदयाच्या नोंदी पाहिल्या तर सर्वांत जास्त ताण तिसऱ्या गटाला, कायम तुसडे शेरे झेलणाऱ्यांपेक्षाही जास्त. कायमचा कजाग साहेब परवडला, हे आपल्याकडे कुणीही कारकून सांगेल. आता त्याला पुरावा आहे.

आणि हे वर्षानुवर्षं चाललं तर? लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या १०,३०८ कर्मचाऱ्यांचा मागोवा १९८५पासून घेतला जातोय. 'व्हाइटहॉल' नावाने गाजलेला तो अभ्यास. तो मायकल मार्मट यांनी सुरू केला. स्वतःच्या कामावर ज्यांचा ताबा कमी, त्यांना हृदयविकार जास्त, हे त्यातून पुढे आलं. पुढे त्याच माहितीवरून मिका किविमाकी यांनी पाहिलं, की वरिष्ठ ऐकून घेतात का, उगाच दोष देतात का, आज एक उद्या एक असं सांगत नाहीत ना, या प्रश्नांना ज्या पुरुषांची उत्तरं सर्वांत चांगली होती त्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा सुमारे ३५ टक्के कमी. स्वीडनमध्ये तीन हजारांवर पुरुषांच्या अभ्यासातही वरिष्ठ जितका चांगला तितका हृदयविकार कमी, आणि त्या ठिकाणी जितकी जास्त वर्षं काढली तितका हा संबंध घट्ट. अशा अभ्यासांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे खरं. पण 'मनाला लावून घेऊ नकोस' हा सल्ला पोकळ ठरतो तो इथेच. मनाला लावून घेतलं नाही तरी दंडावरचं यंत्र नोंद करतच असतं.

साहेब असे का वागतात? उत्तरं बरीच आहेत, एक मला पटतं. नॅथनिएल फास्ट आणि सेरेना चेन यांनी २००९ साली दाखवलं, की नुसत्या अधिकाराने माणूस आक्रमक होत नाही. हाती अधिकार आहे आणि आपण या खुर्चीला पुरे पडत नाही अशी आतून धाकधूक आहे, असं जुळून आलं की तो खालच्यांवर घसरतो. त्याच्या अहंकाराला थोडी फुंकर घातली की आक्रमकपणा उतरतो. लोणी लावणाऱ्यांचं फावतं ते यामुळे. याचा मला आनंद नाही, पण आहे ते असं आहे.

मग करायचं काय? चाक हाती नसेल तर आवाज तरी मिळवायचा. तोंडी हुकूम मिळाला की दहा मिनिटांत दोन ओळींचा मेल: "आत्ता बोलणं झाल्याप्रमाणे हे काम बुधवारपर्यंत, या नमुन्यात करते आहे." गुरुवारी मसुदा आपटला गेलाच, तर सोमवार कागदावर असतो, उद्या तक्रार करावी लागली तरी उपयोगी पडतो. दर वेळी केबिनबाहेर ताटकळण्यापेक्षा रोजची एक वेळ मागून घेणं, "पावणेपाचला सगळं एकदम दाखवू का?", हेही त्यातलंच. त्या पंधरा मिनिटांत जे व्हायचं ते होईल, उरलेला दिवस मोकळा.

हा मोकळा वेळच व्हॉट्सॲपने खाल्ला. रात्री पावणेअकराला गटावर साहेबांचं प्रश्नचिन्ह येऊ शकतं म्हटल्यावर, आवाज न येण्याला काही अर्थच उरत नाही. आपला मग तो दुसरा उंदीर होऊन जातो. फोनवर ऑफिसच्या गटाचा आवाज बंद करून, आपण होऊन ठरवलेल्या वेळी, समजा साडेनऊला, एकदाच पाहणं हे उर्मटपणाचं वाटतं. मी ते करतो. अजून कुणी फासावर दिलेलं नाही.

एक उपाय शास्त्रज्ञांनी हसत हसत दिलाय. २०१८चं अर्थशास्त्राचं इग नोबेल (गमतीशीर संशोधनाला मिळणारं थट्टेतलं नोबेल) ज्या अभ्यासाला मिळालं, त्यात लोकांना छळवादी साहेबाची आठवण काढून संगणकावरच्या बाहुलीला टाचण्या टोचायला दिल्या होत्या. टोचून झाल्यावर अन्यायाची बोच खरोखर कमी झाली. आपल्याकडे काळी बाहुली आणि लिंबू-मिरची दारावर टांगलेली असतेच, तेव्हा साहित्याचा खर्च नाही. साहेब मात्र तसाच राहतो.

लैंगिक छळ किंवा तसली शेरेबाजी असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवायचं. त्यासाठी २०१३चा कायदा आहे आणि दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. नुसत्या लहरीपणाविरुद्ध आपल्याकडे वेगळा कायदा नाही. मग उरते ती बदली नाही तर दुसरी नोकरी, आणि घराचे हप्ते चालू असताना ते बोलण्याइतकं सोपं नसतं. पण त्या आरोग्यसेविकांचे आकडे पुन्हा पाहा. चांगल्या वरिष्ठाच्या पाळीत त्याच बायकांचा रक्तदाब खालीच असायचा.

आमच्या साहेबांची बदली मे महिन्यात झाली. जागी मॅडम आल्या. सावकाश बोलणाऱ्या, रोज सारख्याच. मसुद्यात चूक असली तर पेन्सिलीने खूण करून परत द्यायच्या. तरी दिवाळीपर्यंत आम्ही फाइल घेऊन स्टुलापाशी थांबतच होतो. "मामा, मूड?"

मामा वैतागायचे. "अवो, त्यास्नी मूडबिड काय नसतो. जावा आत."