धुमटी (उलटे धूम्रपान)

गोव्याच्या खेड्यांत घरीच वळून ओढली जाणारी तंबाखूची जाड, निमुळती विडी. तंबाखूचे पान फणसाच्या पानात, क्वचित वाळलेल्या केळीच्या पानात गुंडाळून ती करतात. विडी किंवा चिरूट दुकानात मिळतो, तशी धुमटी मिळत नाही. ज्याची त्याने वळायची. ती ओढणारे काही जण, विशेषतः बायका, पेटते टोक तोंडात धरत. वैद्यकीय साहित्यात धुमटीची दखल घेतली गेली ती या उलट्या धूम्रपानामुळे.

पेटवताना धुमटी सरळच धरतात. निखारा नीट धरला की ती फिरवून पेटते टोक तोंडात घेतात आणि ओठ मिटतात. हवा बाहेरच्या, न पेटलेल्या टोकातून आत ओढली जाते. धूर त्याच टोकातून किंवा ओठांच्या फटीतून सोडतात. राख थुंकली जाते, थोडी गिळलीही जाते. लाळेने पान ओले राहते, जळण मंदावते आणि एकच विडी बराच वेळ पुरते. जिथे जिथे ही पद्धत आहे तिथे तिची कारणे साधारण सारखीच सांगतात: वाऱ्यापावसात निखारा विझत नाही, काम करताना हात मोकळे राहतात, कडेवरच्या मुलाच्या अंगावर ठिणगी पडत नाही. आंध्र प्रदेशाच्या श्रीकाकुलम व विशाखापट्टणम भागांत चुट्टा (तिथला गावठी चिरूट) असाच उलटा ओढतात. सार्डिनिया, पनामा, कोलंबिया, कॅरिबियन बेटे आणि फिलिपिन्स येथूनही अशा नोंदी आहेत, आणि बहुतेक ठिकाणी ओढणाऱ्या बायकाच आहेत.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाने फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली 1960 च्या दशकात देशातील पाच जिल्ह्यांत 50 हजारांहून अधिक ग्रामस्थांची तोंडे तपासली होती. श्रीकाकुलम त्यांपैकी एक. त्याच परंपरेत भोसले, मूर्ती, गुप्ता आणि मेहता यांनी गोव्यातील 5,449 ग्रामस्थांमध्ये उलट्या धुमटीपानाची आणि तोंडातील कर्करोगपूर्व विकारांची पाहणी केली. ती 1976 मध्ये प्रसिद्ध झाली.

साथरोगशास्त्राच्या दृष्टीने ही सवय मोलाची आहे, कारण एरवी प्रयोग म्हणून जे माणसांवर करता येणार नाही ते इथे लोकांनी आपणहून केलेले असते. तंबाखू तीच, गाव तेच, वळण्याची पद्धत तीच. फरक फक्त कोणते टोक तोंडात जाते एवढाच. भारतात तोंडाचा कर्करोग बहुधा गालाच्या आतल्या बाजूला आणि खालच्या हिरडीलगत होतो, कारण तंबाखू-चुन्याची गोळी तिथेच धरली जाते. कठीण टाळूवरचे (टाळूच्या पुढच्या, हाडाच्या भागावरचे) आवरण चावण्याचा मार सोसण्यासाठी जाड, केराटिनयुक्त (नखांत असते त्या कडक प्रथिनाचे) असते आणि तिथे कर्करोग एरवी विरळा. उलटे धूम्रपान करणाऱ्यांत मात्र तो मुख्यतः टाळूवर आढळतो. टोक फिरवले की रोगाची जागाही बदलते. पेटते टोक आणि रोग यांच्या कार्यकारणसंबंधाचा याहून सरळ पुरावा शोधून सापडणे कठीण.

उष्णता आणि धुरातील कर्करोगजनक द्रव्ये यांचा वाटा वेगळा काढणे मात्र अवघड जाते. निखारा टाळूपासून अगदी जवळ असतो, म्हणजे भाजण्याची इजा रोज, वर्षानुवर्षे त्याच जागी होते. नुसती उष्णताही निरुपद्रवी नसते. काश्मीरमध्ये पोटाशी कांगडी (निखाऱ्यांचे भांडे) धरणाऱ्यांना भाजलेल्या कातडीवर कर्करोग होतो, आणि 65 अंश सेल्सिअसच्या वरच्या पेयांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये ‘बहुधा कर्करोगजनक’ ठरवले. इजा झालेल्या जागी पेशी वेगाने विभागतात, आणि त्याच वेळी धुरातील द्रव्ये त्यांच्या जनुकांवर आघात करतात. धुमटीत दोन्ही गोष्टी एकाच जागी घडतात, म्हणून त्यांना वेगळे करण्याचा खटाटोप काहीसा पुस्तकीच ठरतो.

टाळूवरचे बदल एकाच प्रकारचे नसतात. लाळग्रंथींच्या तोंडाशी मध्ये लाल ठिपका असलेले लहान उंचवटे येतात. पांढरे चट्टे, काळसर डाग, रंग उडालेल्या जागा, लाल भाग आणि व्रणही दिसतात, आणि बरेचदा एकाच टाळूवर यांपैकी अनेक असतात. सरळ धूम्रपान करणाऱ्याच्या टाळूवर असा पांढरेपणा आला तर तो सहसा कर्करोगपूर्व मानत नाहीत, सवय सुटली की तो ओसरतो. उलटे ओढणाऱ्यात दिसायला तसाच पांढरेपणा कर्करोगपूर्व धरतात. लाल भागाला सर्वांत जास्त जपावे लागते.

पाहणी घरोघर जाऊन होते, आणि चूक बहुतेक वेळा प्रश्नावलीतच शिरते. ‘विडी ओढता का?’ असे विचारले तर धुमटीवाली बाई सहज ‘नाही’ म्हणते. ‘रोज किती?’ याला अर्थ नसतो, कारण एकच विडी विझवून पुन्हा पेटवली जाते आणि घरी वळलेल्या विडीचे वजन ठरलेले नसते. त्यापेक्षा आठवड्याला किती तंबाखू लागते हे विचारावे, शक्य तर त्या घरातल्या काही धुमट्या तराजूवर घालाव्यात. काही जणी दोन्ही पद्धतींनी ओढतात; त्यांना ‘उलटे’ या गटात ढकलले किंवा ‘सरळ’मध्ये टाकले तरी दोन गटांतला फरक खोटाच कमी दिसतो. पान, मिशरी, फेणी व उर्राक यांची नोंद वेगळी घ्यावी, कारण तंबाखू आणि दारू मिळून धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त होतो. तपासणाऱ्याला सवय आधी कळली तर त्याला चट्टे जास्त दिसू लागतात, म्हणून तोंड आधी तपासून मग प्रश्न विचारणे बरे. सासू-सुनेला एकत्र बसवून विचारले तर खरे उत्तर मिळण्याची आशा सोडावी.

तपासताना डोके मागे कलते करून उजेड थेट टाळूवर पाडतात, छोट्या आरशाने मागचा भाग पाहतात आणि बोटाने कडकपणा चाचपतात. कवळी असेल तर ती काढायला लावणे विसरू नये. कवळीखाली झाकलेला टाळू अनेकदा स्वच्छ असतो आणि बदल तिच्या कडेपासून सुरू होतात.

तंबाखूच्या बाबतीत गोव्याची आकडेवारी दिलासादायक आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत राज्यातील 9.7 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, तर देशाचे प्रमाण 28.6 टक्के होते. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान व थुंकण्याला बंदी करणारा 1997 चा राज्य कायदा केंद्राच्या 2003 च्या तंबाखू कायद्याआधीचा आहे. पण पाकीट, जाहिरात, विक्रेता अशा वाटांनी चालणारे नियंत्रण घरी वळलेल्या धुमटीपर्यंत फारसे पोहोचत नाही. तिच्यावर ना छापील इशारा असतो, ना धोक्याचे चित्र. समजावण्याचा उपयोग होतो, हे केरळ, आंध्र आणि गुजरातमधील 36,000 तंबाखू वापरणाऱ्यांच्या अभ्यासात दिसले आहे: समोरासमोर सल्ला मिळालेल्यांत सवय सोडण्याचे प्रमाण वाढले आणि तोंडातील कर्करोगपूर्व चट्टे कमी झाले.

टाळूवर लाल भाग, न भरणारा व्रण किंवा कडक उंचवटा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर तुकडा काढून तपासावा लागतो. गोव्यात ही सोय बांबोळीच्या दंत महाविद्यालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात आहे. तुकडा लाल भागातून घ्यावा, शेजारच्या जाड पांढऱ्या चट्ट्यातून घेतल्यास अहवाल सौम्य येऊन रोग निसटू शकतो. धुमटी सोडल्यावरही टाळूची तपासणी थांबवू नये.