नासाकोटर-क्षालन

नासाकोटर-क्षालन : नाकाभोवतीच्या हाडांमधील पोकळ्यांत, म्हणजे बोलीतल्या ‘सायनस’मध्ये, साठलेला कफ किंवा पू धुऊन काढण्याच्या पद्धती. घरगुती जलनेतीही (नाकात पाणी ओतून ते धुण्याची क्रिया) यातच धरतात. ते काहीसे सैल वर्गीकरण आहे.

जलनेती प्राचीन असल्याचे सरसकट सांगितले जाते. हठप्रदीपिका या योगग्रंथातील (सामान्यतः १५ वे शतक) नेती मात्र दोऱ्याची आहे : वीतभर मऊ सूत्र नाकातून घालून तोंडावाटे काढायचे. घेरंडसंहिता या योगग्रंथातही (बहुधा १७ व्या शतकाची अखेर) नेती सूत्राचीच. नाकाने पाणी ओढून तोंडाने टाकण्याची क्रिया तेथे कपालभातीचा ‘व्युत्क्रम’ हा भेद म्हणून येते. एका नाकपुडीत नळीच्या भांड्याने पाणी ओतून दुसरीतून काढण्याची आजची रीत दोन्ही ग्रंथांत जशीच्या तशी नाही. तिला या सूत्रनेतीचे केवळ रूपांतर न मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

गालाच्या हाडातील कोटराचे तोंड तळाशी नसून आतल्या भिंतीत वरच्या बाजूस असते. त्यामुळे उभ्या माणसाच्या कोटरातील स्राव आपोआप निचरत नाही. शस्त्रक्रिया न झालेल्या नाकात जलनेतीचे पाणीही आत फारसे पोचत नाही. धुतला जातो तो मुख्यतः नाकाचा मार्ग. म्हणून दवाखान्यात नाकाच्या खालच्या कोनाड्यातील पातळ हाडाला छिद्र पाडून पिचकारीने कोटर धूत. रुग्ण याला ‘पंक्चर’ म्हणतात. अमेरिकी नाक-घसातज्ज्ञ प्रोएट्झ यांच्या पद्धतीत (१९२० चे दशक) छिद्र लागत नाही. डोके मागे लोंबते ठेवून नाकात द्रव भरतात, रुग्ण ‘क-क-क’ म्हणत टाळू वर उचलून घसा बंद ठेवतो आणि थांबून थांबून शोषणाने हवेची जागा द्रवाला देतात. १९८० नंतर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने दोन्ही मागे पडल्या.



घरी धुण्यासाठी अर्धा लिटर पाण्यात सुमारे ४.५ ग्रॅम मीठ घालतात. पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. सांगली जिल्ह्यातील वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांच्या क्षारपड पट्ट्यातील विहिरीचे मचूळ पाणी ‘आधीच खारट’ म्हणून वापरणे चूक : त्यातील क्षारांचे प्रमाण ठरलेले नसते आणि खारटपणाने जंतू मरत नाहीत. २०११ मध्ये अमेरिकेतील लुइझियानात न उकळलेल्या नळाच्या पाण्याने नाक धुतलेल्या दोघांचा नेग्लेरिया या अमीबाच्या मेंदूसंसर्गाने मृत्यू झाला. असा संसर्ग अत्यंत दुर्मीळ आहे. तेच पाणी प्यायल्याने तो होत नाही.