आवाज वयानं उतरलाय का घसा दुखावलाय? दोन्ही एक नाही

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत नाहीतर गणपतीत ऑर्केस्ट्राला जुना गायक आला की गर्दीतलं कुणीतरी म्हणतंच, "गेला बघ आवाज, आता काय राहिलं नाही." आणि भजनी मंडळात बरोबर उलटं चालतं, पंचेचाळिशीतला माणूस तीन-तीन महिने खरखरत गात असतो आणि सगळे म्हणतात, वय झालं की असंच होतंय. म्हणजे ज्याचा आवाज नुसता वयानं उतरलाय त्याला आपण संपला म्हणतो आणि ज्याला खरंच उपचार पाहिजेत त्याला वय सांगून गप्प बसवतो. मी पेटीवर साथ करतो, त्यामुळं हे लई जवळून बघतो आणि दर वेळी जीव तुटतो.

आधी वयाचं बघू. गळ्यात दोन स्वरतंतू असतात, बोलताना पुरुषाचे सेकंदाला साधारण १००-१२५ वेळा आणि बाईचे २०० च्या आसपास एकमेकांवर येऊन आदळतात. वय वाढलं की त्यांचे स्नायू बारीक होतात, वरचा ओलावा कमी होतो, स्वरयंत्राची कूर्चा कडक होत जाते, छातीत दमही कमी मावतो. यात एक गंमत आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते, बायकांचा आवाज पाळी गेल्यावर खाली उतरतो आणि पुरुषांचा म्हातारपणी उलट थोडा वर चढतो आणि पातळ होतो. पेटीवर हे स्वच्छ कळतं. पेटीवरचा जो सूर 'सा' धरून गातात ती गायकाची पट्टी. काळी पाचला गाणारी बाई हळूहळू त्याखालच्या काळी चारला, मग आणखी खालच्या पांढरी पाचला येते, पण याला वर्षं लागतात, एका हंगामात होत नाही. तान छोटी होते, लांब धरलेला सूर थरथरतो, अंतऱ्यात श्वास एक जास्त लागतो. पण जेवढं उरलेलं असतं तेवढं स्वच्छ लागतं, हे महत्त्वाचं.

लता मंगेशकरांचंच घ्या. जन्म १९२९ चा. १९४९ च्या 'महल'मधला विशीतला आवाज आणि २००६ च्या 'रंग दे बसंती'मधला शहात्तरीतला आवाज पाठोपाठ ऐकून बघा, हेडफोन लावून ऐका. दुसऱ्यात आवाज बारीक झालाय, हवा जास्त येतेय, पण सूर जिथं ठेवायचा तिथंच ठेवलाय आणि शब्द कुठं घासत नाही. याला आवाज गेला म्हणणाऱ्यांशी मी भांडतो.

आता इजा. इथं वयाचा संबंध नाही, वीस वर्षांच्या पोरीलाही होते. जोरानं, चुकीच्या पट्टीत, दमलेल्या घशानं रोज गायलं की स्वरतंतू जिथं सगळ्यात जोरात आदळतात नेमकं तिथं सूज येते, आणि तरी थांबलं नाही तर हातमागावर हाताला घट्टे पडतात तसे दोन्ही बाजूला घट्टे पडतात. मग तंतू नीट मिटत नाहीत, फटीतून हवा सुटते. खूण अशी की आवाज मधूनच तुटतो, सकाळी एक आणि संध्याकाळी एक असतो, कार्यक्रमानंतर दोन दिवस बसलेलाच राहतो. आणि वरचे सूर जोर लावला की निघतात पण हळू गायला गेलं की निघतच नाहीत! म्हणून तपासायचं असेल तर जोरात गाऊन बघू नका, एखादी सोपी ओळ तार सप्तकात, म्हणजे वरच्या सुरात, अगदी हळू, बाळाला झोपवताना म्हणतो तेवढ्याच आवाजात म्हणा. सूर लागायच्या आधी नुसती हवा आली किंवा मध्येच आवाज गायब झाला तर सूज असायची शक्यता आहे. जोर लावला की सूज झाकली जाते, म्हणून स्टेजवर कळत नाही.

आपल्या सोलापुरात याला एक खास कारण आहे. यंत्रमागाच्या खडखडाटात दिवसभर ओरडूनच बोलावं लागतं, आवाज नकळत चढतो, आणि तोच माणूस रात्री भजनाला उंच पट्टीत चाल लावतो. गायनाआधीच आठ तास घसा राबलेला असतो, त्यात कापसाची धूळ आणि उन्हाळ्यात तर विचारूच नका. कार्यक्रम संपवून रात्री उशिरा कडक भाकरी आणि शेंगाचटणी झणझणीत खाऊन लगेच आडवं झालं की आम्ल वर येतं आणि सकाळी घसा खरखरतो, हेही वय नव्हे. चटणी सोडा म्हणत नाही, जेवण आणि झोपेत दोन-तीन तास ठेवा. आणि गरम पाणी, मध, ज्येष्ठमध हे सगळं अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना लागतच नाही. घशाला बरं वाटतं ते खरं, पण तंतूंपर्यंत थेट पोचते ती वाफ, आणि दिवसभर प्यायलेलं पाणी अंगातून पोचतं. घसा बसल्यावर कुजबुजत बोलू नका, त्यानंही बऱ्याच जणांच्या घशावर ताण येतो.

सगळं या दोन खणांत बसतं असंही नाही. शास्त्रीय गायिका गंगूबाई हनगल यांचा सुरुवातीच्या रेकॉर्डमधला आवाज बारीक, बायकी आहे, नंतर घशावर उपचार झाले आणि तो भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला. त्यांनी त्याच आवाजात पुढं आयुष्यभर गायलं. उलट इंग्लंडच्या गायिका-अभिनेत्री ज्युली अँड्र्यूज यांचं १९९७ ला स्वरतंतूंचं ऑपरेशन झालं आणि गाण्याचा आवाज गेला. म्हणून घट्टे असले की आधी विश्रांती आणि आवाजाची थेरपी करतात, पुष्कळ वेळा तेवढ्यावर भागतं. ऑपरेशनची वेळ आलीच तर गायकांचे घसे बघणाराच डॉक्टर शोधा.

घरी बघायचं तर मी एवढंच सांगतो, पट्टी दोन सुरांनी उतरवा. वयानं आवाज उतरला असेल तर तिथं तो मोकळा होतो, मग बिनधास्त त्याच पट्टीत गा आणि रियाज सोडू नका, सोडला की स्नायू आणखी झिजतात. पण खालच्या पट्टीत, साधं बोलतानाही खरखर तशीच राहिली आणि तीन-चार आठवडे झाले, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन दुर्बिणीनं स्वरतंतू बघून घ्या. बिडी, मावा, तंबाखू असेल तर तेवढेही थांबू नका, कारण स्वरतंतूंच्या कॅन्सरची पहिली खूण बऱ्याचदा हीच खरखर असते आणि लवकर सापडला तर तो बहुतेक वेळा बरा होतो.