स्वस्त लॅपटॉप नेमका कुठे अडतो?

स्वस्तातला लॅपटॉप सुरू केला की पहिली काही मिनिटं तो धड काहीच करू देत नाही. ब्राउझरवर क्लिक केलं तरी गोल चक्र फिरत राहतं. दोष बहुधा प्रोसेसरच्या माथी मारला जातो. पण कोणता भाग किती राबतोय हे दाखवणारा विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून पाहा. हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर बरेचदा असं दिसतं की प्रोसेसर निवांत आहे, डिस्कच्या रकान्यात मात्र १०० टक्के. त्याच वेळी ती डिस्क सेकंदाला वाचतेय किती? जेमतेम एक-दोन एमबी. पूर्ण ताकदीने राबूनही तिच्याकडून एवढंच काम का होतं, हे कळलं की लॅपटॉप घेताना कुठे पैसे घालायचे हेही कळतं.

हार्ड डिस्कच्या आत तबकड्या फिरत असतात. लॅपटॉपमधल्या बहुतेक डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० फेरे. माहिती असते तबकडीवरच्या चुंबकीय थरात. ती वाचणारं हेड एका दांडीच्या टोकाला, पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. आता समजा, ४ केबीचा एक तुकडा वाचायचा आहे. दांडीला योग्य ट्रॅकपर्यंत, म्हणजे तबकडीवरच्या गोल पट्टीपर्यंत, पोहोचायला सरासरी १२ मिलिसेकंद लागतात. मग हवा तो भाग फिरत हेडखाली येईपर्यंत थांबावं लागतं. एक फेरा ११.१ मिलिसेकंदांचा, म्हणजे सरासरी अर्ध्या फेऱ्याचे साडेपाच मिलिसेकंद. आणि प्रत्यक्ष वाचायला? सेकंदाला १०० एमबीचा वेग धरला तर ०.०४ मिलिसेकंद! साडेसतरा मिलिसेकंद नुसती शोधाशोध, आणि काम क्षणभराचं. असे विखुरलेले तुकडे सेकंदाला साठच्या आतच वाचून होतात. साठ गुणिले चार, म्हणजे २४० केबी.

सिनेमासारखी मोठी सलग फाइल वाचताना हीच डिस्क सेकंदाला १०० एमबी सहज देते, कारण हेडला जागा सोडावी लागत नाही. पण सिस्टीम सुरू होताना, ब्राउझर उघडताना, मागे अँटिव्हायरस आणि अपडेट चालू असताना हजारो लहान तुकडे इकडून तिकडून मागवले जातात. हार्ड डिस्कचं सगळ्यात दुबळं अंग नेमकं हेच आहे.

हार्ड डिस्कच्या जागी बसवता येते ती एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात हलणारा एकही भाग नाही. तिच्यातली नँड फ्लॅश मेमरी तोशिबातले फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये जगापुढे मांडली. प्रत्येक सेलमध्ये, म्हणजे चिपमधल्या सूक्ष्म कप्प्यात, इलेक्ट्रॉन अडकवून ठेवायचे आणि त्यांच्या प्रमाणावरून बिट (० की १) ओळखायचा, ही तिची रीत. हवा तो तुकडा चिपच्या कुठल्याही कोपऱ्यात असो, तो हाती यायला साधारण एक दशांश मिलिसेकंद पुरतो. म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा सुमारे पावणेदोनशे पट लवकर. सलग वाचनात मात्र साटा जोडणीची (हार्ड डिस्क जोडतात तीच जुनी जोडणी) एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते, म्हणजे फरक पाच पटींचा. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा सलग वेगाचा असतो. रोज हाताला जाणवतो तो पहिला फरक. म्हणूनच सेकंदाला ३५०० एमबी देणाऱ्या एनव्हीएमई (साटाहून नव्या, वेगवान पद्धतीच्या) एसएसडीसाठी बजेट ताणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हार्ड डिस्कवरून साध्या साटा एसएसडीवर येणं ही मोठी उडी आहे. त्यापुढची पायरी रोजच्या कामात क्वचितच जाणवते.

रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, ४ जीबी असेल तर हा मुद्दा आणखी टोकाला जातो. रॅम भरली की सिस्टीम तिच्यातला काही मजकूर डिस्कवर हलवते आणि लागेल तसा परत आणते. हार्ड डिस्कवर ही ये-जा सुरू झाली की मशीन गुदमरतं. एसएसडी असेल तर तेच मशीन थोडं रेंगाळतं, पण काम चालू राहतं.

अर्थात नुसतं फ्लॅश म्हणजे वेग, असंही नाही. २००७ मध्ये आलेल्या आसुसच्या ईई पीसी या छोट्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी फ्लॅश होती. त्यानंतरच्या काही स्वस्त नेटबुकमधली फ्लॅश लिहायला इतकी संथ होती की हार्ड डिस्कवालं मॉडेल परवडलं. कारण फ्लॅशच्या रचनेतच आहे. ती लिहिली जाते काही केबींच्या पानांत, पण पुसायची झाली तर अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि ब्लॉक शेकडो पानांचा. ही कसरत सांभाळतो कंट्रोलर, म्हणजे फ्लॅशचा कारभार पाहणारी चिप. तो सुमार असला की लिहिताना सगळं अडतं. आजच्या स्वस्त एसएसडीत एका सेलमध्ये चार बिट कोंबलेले असू शकतात. म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या सोळा पातळ्या अचूक ओळखायच्या. त्यामुळे लिहिणं मंदावतं, आणि ते लपवायला काही भाग वेगवान कॅशे, म्हणजे तात्पुरती साठवण, म्हणून वापरला जातो. मोठी फाइल कॉपी करताना सुरुवातीचा वेग मध्येच कोसळतो तो ही कॅशे भरल्यामुळे.

अगदी तळाच्या किमतीतल्या लॅपटॉपमध्ये ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी असते. तीही फ्लॅशच, पण मदरबोर्डवर डाग देऊन बसवलेली, बदलता न येणारी. मोठ्या सिस्टीम अपडेटला जागा पुरत नाही तेव्हा मालक कायमचा अडकतो. माझा सगळ्यात मोठा आक्षेप या ईएमएमसीलाच आहे.

हार्ड डिस्कचा एकच आधार म्हणजे त्याच पैशात मिळणारी जास्त जागा. पण १ टीबीच्या पातळ डिस्कमध्ये अनेकदा ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसे इथे पुढचे ट्रॅक पुन्हा लिहावे लागतात. आधीच संथ असलेली डिस्क त्याने आणखी संथ होते.

एसएसडी झिजते हे खरं. पण २४० जीबीच्या साध्या एसएसडीलाही ८० टीबी लिखाणाची हमी असते. रोज २० जीबी लिहिलं तरी ती गाठायला जवळजवळ अकरा वर्षं लागतात. धक्क्यांना तर ती कितीतरी टणक. चालू हार्ड डिस्क हातातून पडली तर हेड तबकडीवर आपटू शकतं. बॅटरीत मात्र फार मोठी बचत अपेक्षू नका. डिस्कपेक्षा स्क्रीन जास्त वीज खाते.

काळजी वेगळ्याच गोष्टीची घ्यायची. हार्ड डिस्क पुष्कळदा खरखरून, टकटक करून इशारा देते. एसएसडी एका क्षणात बंद पडू शकते. शिवाय डिलीट झालेली पानं ती स्वतःहून पुसून टाकते, त्यामुळे चुकून उडवलेली फाइल परत मिळणं जवळजवळ अशक्य. बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क म्हणूनच योग्य. तिथे वेगाची घाई नसते.

जुना लॅपटॉप घरात असेल तर मागचं झाकण उघडून पाहा. अडीच इंची हार्ड डिस्क असली तर त्याच जागी, त्याच जोडणीवर ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी बसते. एम.२ खाच (पट्टीसारखी छोटी एसएसडी बसवायची जागा) असेल तर ती साटा घेते की एनव्हीएमई, हे खरेदीआधी तपासा, कारण दोन्ही बाहेरून जवळपास सारख्याच दिसतात.