जागतिकीकरण आणि मराठवाडा

माल, भांडवल आणि तंत्रज्ञान देशांच्या सीमा ओलांडून फिरू लागले, की दूरदूरच्या अर्थव्यवस्था एकमेकींवर अवलंबून राहू लागतात; या प्रक्रियेस जागतिकीकरण म्हणतात. स्वस्त झालेली कंटेनर वाहतूक, दूरसंचार, परकीय चलनाच्या पेचातून भारताने जुलै १९९१ मध्ये स्वीकारलेले नवे आर्थिक धोरण आणि १ जानेवारी १९९५ रोजी अस्तित्वात आलेली जागतिक व्यापार संघटना ही त्याची अलीकडची प्रमुख कारणे. मराठवाड्याला परदेशी व्यापार नवा नाही. पैठण आणि तेर येथील माल भडोच बंदरात जात असल्याची नोंद पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तांतात आहे. पण तेव्हा इथल्या ज्वारीचा भाव रोममध्ये ठरत नव्हता.

लातूरच्या मोंढ्यात आज सोयाबीनचा भाव मात्र असाच दूर कुठेतरी ठरतो. सोयाबीन गाळले की तेल थोडे निघते, पेंड (व्यापाऱ्यांच्या भाषेत डीओसी) भरपूर. तेलाची गाठ इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाशी, पेंडीची ब्राझील-अर्जेंटिनाच्या निर्यातीशी. आडतीवर मूठभर दाणे हातात घेऊन ओलावा, माती, डागी माल पाहिला जातो आणि त्यावरून काही रुपये वरखाली होतात. पण मूळ भाव शिकागोचा वायदेबाजार आणि दिल्लीचे आयातशुल्क यांनी आधीच बांधलेला असतो. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास मुभा दिली. तेव्हा शेतकऱ्याचा नवा माल शेतातच उभा होता. असले सोयाबीन पेरायला मात्र देशात परवानगी नाही, ही विसंगती लपण्यासारखी नाही.

१९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. रब्बी ज्वारीत करडईचे तास ठेवण्याची इथली जुनी रीत. स्वस्त पामतेल आणि सोयाबीन यांच्या कात्रीत करडई मागे पडली.

कापसात बीटी (बोंडअळीला रोखणारे, जनुकीय बदल केलेले) वाण २००२ मध्ये आले, तेही जालन्याच्या महिको आणि अमेरिकेच्या मोन्सँटो यांच्या भागीदारीतून. सुरुवातीला फवारण्या घटल्या. पुढे गुलाबी बोंडअळी या वाणाला दाद देईनाशी झाली आणि महागडे बियाणे घेऊनही कोरडवाहू शेतकऱ्याचा फवारणीचा खर्च परत वाढला.

कारखानदारीचा लाभ मुख्यतः छत्रपती संभाजीनगर आणि जालना यांना झाला. वाळूजची वसाहत १९९१ च्या आधीची. शेंद्र्यात स्कोडा त्यानंतर आली. हिंगोली, बीडकडचे तरुण कामासाठी पुणे-चाकण गाठतात.

तुरीत नफा-तोटा एकाच गावात दिसतो. मे २०२१ पासून तुरीची आयात खुली झाली. म्यानमार, मोझांबिकची तूर आली तर लातूरच्या डाळमिलला माल मिळतो, हमालाला काम मिळते. औसा-निलंग्याच्या शेतकऱ्याच्या तुरीला मात्र ऐन हंगामात तिच्याशीच टक्कर द्यावी लागते.